अप्पांनी न वाचलेली गोष्ट

आमच्या बेलापुरात आता रंभाजी अप्पा ग्रंथ वाचत नाहीत, हे अजून माझ्या अंगवळणी पडलेलं नाही. आषाढी पौर्णिमा आली की माझे पाय आपसूक विहाराकडं वळतात, आणि तिथं नितीनच्या मोबाईलमधून कुणीतरी शहरातला माणूस वाचत असतो. वाचतो चांगलं, नाही म्हणत नाही. पण त्याला मध्येच थांबून "काय गं सविता, डुलकी लागली का?" असं विचारता येत नाही.

सविता म्हणजे मी. विहाराच्या वळणावर माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीला लागून अप्पांचं दोन खोल्यांचं घर. त्यामुळं अप्पांबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा. त्या आश्विन पौर्णिमेची हकीकत तिखटमीठ लावून सांगणारे गावात पुष्कळ आहेत, त्यांनी खुशाल सांगावी. त्यांना अर्धीच माहीत आहे.

अप्पा साखर कारखान्यात गव्हाणीवर होते. ट्रकमधला ऊस जिथून आत ओढला जातो ती गव्हाण. तिथल्या खडखडाटात आयुष्यभर ओरडून बोलल्यामुळं आवाज असा खणखणीत की घरात खोकले तरी माझ्या गिरणीत कळायचं. शाळा सातवीपर्यंत. पण वाचायचं वेड इतकं, की भजी बांधून आलेला कागदसुद्धा उलगडून वाचायचे आणि तेलाची बोटं पायजम्याला पुसायचे. बनाबाई, त्यांची बायको, त्यावरून त्यांना उभं आडवं बोलायची. बिचारी गेली आता.

त्यातही अप्पांना नाद होता तो 'अघटित'चा. हा अंक म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टींचा. चंद्रावरची वस्ती, बोलणारी यंत्रं, पुढल्या शंभर वर्षांतली माणसं, असलं सगळं. श्रीरामपूरच्या रद्दीवाल्याकडून जुने अंक गठ्ठ्यानं आणायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून पोरीला, प्रज्ञाला, वाचून दाखवायचे. पोरगी भित्री. कुणी मेलं, कुणी हरवलं की रडायला लागायची. मग अप्पा वाचता वाचता शेवटच बदलायचे. हरवलेला सापडायचा, मेलेला उठून बसायचा. पुढं प्रज्ञाला वाचता यायला लागलं आणि तिनं तेच अंक स्वतः काढून वाचले. तेव्हा काय भांडली होती ती! "तुम्ही खोटं वाचलं," म्हणून दोन दिवस अप्पांशी बोलली नाही. आम्ही सगळे हसलो होतो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

तीच प्रज्ञा शिकली, पुण्याला गेली, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. लग्न केलं नाही. भावकीतल्या बायका अप्पांना टोचायच्या, "पोरीला घरी आणा, कुठवर अशी एकटी ठेवणार?" अप्पा एकच उत्तर द्यायचे, "तिची अक्कल माझ्यापेक्षा जास्त हाय, मी काय सांगू तिला?" आणि विषय संपवायचे.

आता विहाराचं सांगते. पावसाळ्याचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमचा वर्षावास. रोज संध्याकाळी विहारात बुद्धांच्या जीवनाचा ग्रंथ वाचायचा, शेवटच्या दिवशी खीर. वाचणारा मधोमध बसतो, समोर पांढऱ्या कापडावर ग्रंथ, उजव्या हाताला पाण्याचा तांब्या. ती जागा अप्पांची. मी लग्न होऊन आले तेव्हाही तिथं तेच बसलेले होते. बनाबाई गेल्यावर तर अप्पा वर्षभर त्या तीन महिन्यांसाठीच जगायचे, असं मी म्हणेन. बाकीचे नऊ महिने घर खायला उठायचं त्यांना.

आणि नितीनला बरोबर त्याच जागेत खोट दिसायची. नितीन आमच्या विहाराच्या कमिटीवर. पोरगा वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्ट मोबाईलवर हवी. "अप्पा, आता तुमचं वय झालं. नजर कमी झाली असेल. पुढल्या साली आपण रेकॉर्डिंग लावू, स्पीकर चांगला घेऊ," असं तो चारचौघांत म्हणाला. अप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मी मेल्यावर लाव," म्हणाले. "तवर ग्रंथ मीच वाचनार. माझ्या नजरेची तुला काळजी नगं."

त्या वर्षी दिवाळीच्या आधी पोस्टानं 'अघटित'चा नवा अंक आला. त्यात प्रज्ञाची गोष्ट छापून आली होती. पहिलीच. 'पाण्याला आठवतं' असं नाव. प्रज्ञानं फोनवर मला सांगितलं. "काकू, अप्पांना आवडली का ते बघा हं," म्हणाली. तिला संपादकांचं कौतुक नको होतं, मैत्रिणींचं नको होतं. ज्यानं वाचायला लावलं त्याचा एक शब्द हवा होता.

अप्पा तो अंक मांडीवर घेऊन माझ्या गिरणीच्या बाकावर बसायचे. बायका दळण घेऊन यायच्या, तर त्यांना अंक दाखवायचे. "आमच्या प्रज्ञीची गोष्ट हाय यात." अभिमान असा की चेहरा नुसता फुललेला. एकदा मला म्हणाले, "सविता, कव्हरवरचं चित्र कसं काय वाटतं तुला?" मी हात पिठाचेच ठेवून वाकून बघितलं. म्हटलं, "माठ काढलाय. माठात चांदण्या पडल्यात. छान आहे." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, चित्राचं कौतुक करून घेतायत.

प्रज्ञाचा फोन आला तो माझ्यासमोरच. स्पीकरवर होता.

"वाचली का अप्पा?"

"वाचली तर! छान हाय."

"शेवट कसा वाटला?"

"शेवट तर लईच छान."

तिला अजून काहीतरी ऐकायचं होतं. अप्पांनी मात्र माझ्या गिरणीचा आवाज होतोय म्हणून फोन ठेवला. गिरणी तेव्हा बंद होती. मी मनात म्हटलं, म्हातारा लाजला.

आश्विन पौर्णिमेला प्रज्ञा मुद्दाम रजा काढून आली. विहार भरलेलं, खिरीचं पातेलं दारात, ग्रंथाची समाप्ती झाली. आणि नितीन उठला. खरं सांगते, त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. "आपल्या प्रज्ञाताईची गोष्ट छापून आलीय," तो म्हणाला. "आज ती अप्पांच्याच आवाजात ऐकू." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अप्पा म्हणाले, "आता खीर वाटा. पोरं ताटकळलीत."

"वाचा ना अप्पा," प्रज्ञा म्हणाली. "मला तुमच्या आवाजात ऐकायचीय. लहानपणी वाचायचात तशी."

आता तिला कोण नाही म्हणणार? तिनं स्वतःच्या हातानं अंक उघडून त्यांच्यासमोर ठेवला. अप्पांनी तांब्यातलं पाणी प्यायलं, घसा साफ केला आणि सुरू केलं. "पाण्याला आठवतं. लेखिका, प्रज्ञा रंभाजी."

एका गावात एक मुलगी होती. तिच्या घरच्या माठात रात्री चांदण्या उतरायच्या. एके दिवशी ती त्या चांदण्यांच्या मागं मागं आभाळात गेली. तिथं मोठी नोकरी, मोठं घर, सगळं चकाचक. पण तिथलं पाणी मुकं. त्याला कुणाचीच आठवण नव्हती. मग मुलीला आपला माठ आठवला, आणि माठाला मुलगी आठवली. शेवटी ती सगळं सोडून परत गावाला आली, बापाच्या घरी आली, आणि तिनं चूल पेटवली. बापानं तिला माठातलं पाणी दिलं.

अप्पांनी ते असं रंगवून वाचलं की बायका डोळे पुसत होत्या. आमच्या गल्लीतली रोहिणी माझ्या मागं बसली होती, ती हुंदके देत म्हणाली, "असंच पायजे बाई. पोरीनं शेवटी घरीच यावं."

मी प्रज्ञाच्या शेजारी होते. आधी ती गोंधळून हसली. मग तिनं मान लांब करून अंकाच्या पानाकडं बघितलं. मग अप्पांच्या तोंडाकडं. त्यानंतर तिनं मान जी खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही, ओढणीचं टोक तेवढं पिळत बसली. लोक उठून तिला सांगत होते, माठाची कल्पना काय सुंदर, चूल पेटवते तिथं तर काळीज हललं. तिच्या गोष्टीत माठातल्या चांदण्या नव्हत्या आणि चूलही नव्हती. कव्हरवरचं चित्र भलत्याच कुणाच्या तरी गोष्टीचं होतं. चित्राचं हे मला फार नंतर कळलं.

खीर वाटून झाल्यावर मी मागच्या अंगणात पातेलं घासत होते. अप्पा भिंतीला टेकून उभे होते. प्रज्ञा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अप्पा, हे तुम्ही काय वाचलं?"

अप्पांचा हात नुसता भिंतीवरून फिरत राहिला.

"माझी गोष्ट लोकांसमोर वाचायची लाज वाटली तुम्हाला?"

नितीन आणि दोन-चार जण तिथंच सतरंज्या झटकत होते. अप्पांनी त्यांच्या बोलण्याकडं कान दिला. मला ते तेव्हा दिसलं, पण उमगलं नाही. मग अप्पा हळू आवाजात म्हणाले, "गोष्ट अशी पायजे, पोरी. पोरगी घरी आली पायजे."

"लहानपणी मी घाबरायचे म्हणून शेवट बदलायचात," प्रज्ञा म्हणाली. "आज कोण घाबरलं होतं?"

सकाळच्या पहिल्या गाडीनं ती गेली. दिवाळीला आली नाही. फोन करायची, पण औषध घेतलं का, जेवलात का, एवढंच. अप्पाही "व्हय, व्हय" म्हणून ठेवायचे. मला अप्पांचा इतका संताप आला होता की आठ दिवस मी त्यांना कालवण दिलं नाही, नुसत्या भाकरी पाठवल्या. एकटी राहणारी पोरगी, तिला गावाचे टोमणे काय कमी होते? आणि आता बापानंच भर विहारात, तिच्याच गोष्टीत, तिला चुलीपुढं नेऊन बसवलं. तरी अप्पा तो अंक मांडीवरून खाली ठेवेनात. म्हटलं, काय नाटकी माणूस आहे हा.

पुढचा वर्षावास आला. श्रावणातली संध्याकाळ, बाहेर अंधारून आलेलं. ग्रंथात गृहत्यागाचा भाग चालला होता. राजवाडा, झोपलेली बायको, लहान लेकरू, आणि दारात थबकलेला तरुण. अप्पांचा आवाज त्या भागाला नेहमी खोल जायचा. आणि लाईट गेली.

आमच्याकडं लाईट जाणं काही नवं नाही. वाचणारा थांबतो, कुणीतरी मेणबत्ती शोधतं, पोरं आरडाओरडा करून घेतात. त्या दिवशी कुणीच आरडलं नाही. कारण अप्पा थांबले नाहीत. शेजारच्याचं तोंड दिसत नव्हतं इतका अंधार, आणि अप्पा वाचतायत. एक शब्द अडला नाही. पान उलटल्याचा आवाज आला. पुन्हा पुढं.

शेवटी नितीनच बोलला. "अप्पा, लाईट गेलीय."

अप्पांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. "कवा?" म्हणाले.

अप्पांनी चाचपत ग्रंथ मिटला, पांढरं कापड चारी बाजूंनी नीट गुंडाळलं, हात जोडले आणि उठले. तांब्याला पाय लागून पाणी सांडलं. मी त्यांचा हात धरून घरापर्यंत नेलं. तेव्हा जाणवलं, कधी काळी मला रस्ता दाखवणारा हा माणूस पावलं मोजून चालतोय.

नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. रक्तातल्या साखरेनं डोळ्यांचे पडदे गेले होते. आधी आणलं असतं तर थोडं वाचवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. अप्पांनी परतीच्या एसटीत मला सगळं सांगितलं. अक्षरं जाऊन दोन पावसाळे झाले होते. ग्रंथ इतकी वर्षं वाचून वाचून तोंडपाठ, त्यामुळं तो निभावला. कुणाला सांगितलं असतं तर जागा गेली असती. "आन् जागा गेली असती तर मी काय करनार हुतो, सविता?" असं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "प्रज्ञीच्या गोष्टीचं फकस्त नाव म्हाईत हुतं. आन् तू सांगितलेलं चित्र."

मी त्याच दिवशी प्रज्ञाला फोन केला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "रविवारी येते."

रविवारी दुपारी ती आली. अप्पा खाटेवर बसले होते, अंक उशाशी. ती जमिनीवर, त्यांच्या पायाशी बसली. मी उठून जायला लागले तर तिनंच माझा हात धरला.

"मला दिसत नव्हतं गं," अप्पा म्हणाले.

"म्हणायचं ना मग."

"म्हनलो असतो तर ग्रंथ गेला असता."

"आणि मी गेले तर चाललं?"

अप्पांची मान खाली गेली. मग म्हणाले, "वाचून दाखव. तू लिवलीस तशी."

प्रज्ञानं अंक उघडला. एवढे दिवस हाताळून त्याचे कोपरे गोल झाले होते आणि तेच एक पान सहज उघडत होतं. ती वाचायला लागली.

पुढल्या काळात असं एक यंत्र निघतं, की पाण्यानं जे जे ऐकलं ते त्यातून ऐकू येतं. लोक जुन्या विहिरी ऐकायला लागतात. कुठल्या विहिरीवर कुणाला येऊ दिलं नव्हतं, कुणाचे आवाज लांबूनच आले आणि लांबूनच परत गेले, ते सगळं पाणी सांगायला लागतं. ते यंत्र घेऊन गावोगाव फिरणारी एक मुलगी असते. फिरत फिरत ती आपल्याच गावच्या विहारात येते. तिथं वाचणाऱ्याच्या शेजारी ठेवलेला एक तांब्या असतो. वाचणारा म्हातारा आता या जगात नाही. मुलगी तांब्यातल्या पाण्याला यंत्र लावते, आणि त्यातून तिच्या बापाचा आवाज येतो. वर्षानुवर्षं वाचलेलं सगळं. ती ते पाणी एका बाटलीत भरते आणि लांबच्या प्रवासाला निघून जाते, परत न येण्यासाठी. वाटेत तहानेनं घसा कोरडा पडतो, पण ती ते पाणी पीत नाही. बाटली कानाला लावते, तेवढंच.

प्रज्ञा थांबली. मी पदर तोंडाला लावला होता. बापाला सोडून गेलेली पोरगी नव्हती ती, बापाला बरोबर घेऊन गेलेली होती.

"तांब्या माझाच का गं?" अप्पांनी विचारलं.

"तुमचाच."

"पोचा पडलेला लिवलाय?"

"लिहिलाय."

अप्पांनी हात पुढं केला. प्रज्ञानं अंक त्यांच्या हातात दिला. त्यांनी पानावरून तळवा फिरवला, सावकाश, वरून खालपर्यंत. "छान हाय," म्हणाले. वर्षभरापूर्वी फोनवर म्हणाले होते तेच दोन शब्द. आता ते खरे होते. प्रज्ञा रडता रडता हसली. मलाही वाटलं, चला, मिटलं एकदाचं. मी चहा टाकायला उठले.

"आता दुसरी वाच," अप्पा उत्साहानं म्हणाले. पाय वर घेऊन मांडी घालून बसले, ऐकायला बसतात तसे. "नव्या अंकात आली आसंल की."

"दुसरी नाही, अप्पा."

"न्हाई छापली त्यांनी?"

"लिहिलीच नाही. संपादकांनी दोनदा मागितली. त्या पौर्णिमेनंतर बसले की मला तुमचीच गोष्ट ऐकू यायची. मग सोडून दिलं."

चहाचं पातेलं माझ्या हातात तसंच राहिलं. अप्पांनी चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेला वळवला.

"माझ्यामुळं?"

मला वाटलं, आता ही "नाही हो अप्पा, कामं असतात" असं काहीतरी म्हणेल. मी तिच्या जागी असते तर म्हणाले असते. म्हाताऱ्या आंधळ्या माणसाला कोण दुखवतं? पण बापानं बदलून वाचलेला शेवट या पोरीला लहानपणीसुद्धा खपला नव्हता. तिनं त्यांच्या हातातला अंक काढून बाजूला ठेवला, तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, पण 'नाही' म्हणाली नाही.

अप्पा कान देऊन बसले.